सरकारी पोर्टल बनवतात ते नेमकं कोणासाठी?

अनवट

वडील जाऊन आठ महिने झाले. त्यांची पेन्शन आईच्या नावावर करायची, तर अर्ज ऑनलाइनच भरावा लागतो. लॉगिनला ओटीपी लागतो आणि तो जातो वडिलांच्या नंबरवर. तो नंबर कधीच बंद झालाय. नंबर बदलायचा तर आधी लॉगिन करा! मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडचा मुलगा नम्र होता. म्हणाला, "खातेदारांनाच फोन करायला सांगा." म्हटलं, "अहो, तेच तर गेलेत." जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, माझ्या स्क्रीनवर तसा पर्याय नाहीये."

पेन्शनच्या पोर्टलवर खातेदाराचा मृत्यू हा अपवाद कसा काय असू शकतो? तिथे ती रोजची घटना आहे.

माझं मत असं की उद्घाटनाच्या तारखेला वाली असतो, दुसऱ्या दिवसापासून कुणीच नसतो. अमेरिकेचं आरोग्यविम्याचं संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झालं आणि पहिल्या दिवशी जेमतेम सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. कंत्राटदार डझनावारी होते, पण सगळं मिळून चालतंय का हे बघणारा एक माणूस नव्हता. मग बाहेरून मोजकी तंत्रज्ञ मंडळी आणून बसवली आणि दोनेक महिन्यांत ते बऱ्यापैकी चालायला लागलं. म्हणजे जमत होतं की! आधी का नाही केलं?

टेंडरबहाद्दर

अनवट, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण मी अनेक वर्षं असली पोर्टलं बांधणाऱ्या बाजूला काढली आहेत, त्यामुळे थोडं उलट बोलतो.

खाजगी ॲप तुम्हाला बिनदिक्कत सांगतं, फोन जुना आहे, नवा घ्या. सरकारला गिऱ्हाईक निवडता येत नाही. शिवाय आम्ही कोडमध्ये उतरवतो ते नियम आम्ही केलेले नसतात. कॅनडाने २०१६ मध्ये कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी 'फिनिक्स' प्रणाली आणली. शंभरावर कामगार करार, त्यातून निघालेले ८० हजारांवर पगाराचे नियम. कुणाला कमी पगार, कुणाला जास्त, कुणाला शून्य. शिव्या सॉफ्टवेअरला पडल्या. त्या नियमांच्या जंगलाला हात लावायची हिंमत कुणी केली होती? आधी नियम साफ करा, मग आमच्या नावाने बोटं मोडा.

खडूस

बहाद्दर, फिनिक्सची गोष्ट अर्धीच सांगितलीत. खर्च आणि तारीख सांभाळायला त्यातल्या सोयी छाटल्या, चाचणीचा छोटा प्रयोग रद्द केला. आणि कळस म्हणजे वर्षानुवर्षं हाताने पगार काढणारे जाणकार कर्मचारी प्रणाली रुळायच्या आतच कमी केले. नियम ८० हजार होते हे खरं, पण ते ज्यांच्या डोक्यात होते त्यांनाच घरी पाठवलं. तिथल्या महालेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये याला 'अनाकलनीय अपयश' म्हटलं, ते नियमांना उद्देशून नव्हतं. प्रकल्पाची हाताळणी आणि देखरेख यांवर होतं ते.

दोन ओळी

सगळे बुडालेलीच जहाजं मोजताय. एस्टोनियात सरकारी खात्यांमधली माहितीची देवाणघेवाण २००१ पासून एका सामाईक व्यवस्थेवर चालते. एकदा दिलेली माहिती दुसऱ्या खात्याने पुन्हा मागायची नाही, असा दंडक आहे.

खडूस

तेरा लाखांचा देश.

दोन ओळी

बरं, मोठा घ्या. ब्रिटनने २०१२ मध्ये खात्याखात्यांची संकेतस्थळं एका जागी आणायला घेतली आणि ते काम जगाने नावाजलं. नंतर बऱ्याच देशांनी तोच कित्ता गिरवला.

उंटावरून

ब्रिटन म्हणालात म्हणून. तिथल्याच टपाल खात्याची 'होरायझन' प्रणाली हिशेबात खोट्या तुटी दाखवत होती. टपाल केंद्रं चालवणारी साधी माणसं सांगत होती, पैसे आम्ही घेतले नाहीत. न्यायालयांनी संगणकावर विश्वास ठेवला. नऊशेहून अधिक जण दोषी ठरले, कित्येक तुरुंगात गेले.

मला अडकणाऱ्या पोर्टलपेक्षा न अडकणाऱ्याची भीती जास्त वाटते. ऑस्ट्रेलियाची 'रोबोडेट' योजना बघा. वर्षाची कमाई घ्यायची, २६ पंधरवड्यांत सारखी वाटायची आणि त्यावरून भत्ता जास्त घेतलात म्हणून वसुलीची नोटीस काढायची. एखाद्याने सहा महिने नोकरी केली आणि सहा महिने बेकार म्हणून भत्ता घेतला, तर यंत्राच्या लेखी तो वर्षभर कमावताच होता. जुनी माहिती शोधून आणायची आणि हिशेब चुकीचा आहे हे पटवून द्यायची जबाबदारी मात्र नोटीस मिळालेल्याची. कोडमध्ये चूक शोधून सापडली नसती. सांगितलं तेच यंत्राने केलं. ही पद्धत बेकायदेशीर होती हे मान्य व्हायला २०१९ उजाडलं. तर, 'वाली नव्हता' म्हणता, पण इथे वाली होते, चांगले खुर्चीवर बसलेले.

टेंडरबहाद्दर

उंटावरून, मुद्दा मान्य. पण मग काय, कागदावर परत जायचं? खिडकीमागे फाइल दाबून बसलेला कारकून आठवा. चहापाण्याशिवाय ती हलायची नाही. आज निदान अर्जाला क्रमांक मिळतो, कुठे अडकलाय ते दिसतं.

आणि अनवट, तुमच्या अडचणीबद्दल एक सांगतो. तुमचं पोर्टल आमचं नसावं बहुतेक, पण अशाच एका कामात 'खातेदार मृत' हा प्रसंग कागदपत्रांत होता. आम्ही विसरलो नव्हतो. तिथे लिहिलं होतं, 'वारसाने शाखा कार्यालयात समक्ष यावे.' दोन वर्षांनी पोर्टल सुरू झालं आणि आता सगळं ऑनलाइन झालं म्हणून शाखा कार्यालयंच बंद केली. आम्ही बदल सुचवला होता. तो करारात बसत नव्हता, नव्याने मंजुरी आणि पैसे लागले असते. मंजुरी देणारे साहेब तोवर बदलून गेले होते.

खडूस

हेच तर ती पहिल्या पोस्टमध्ये म्हणत होती ना?

टेंडरबहाद्दर

ती बांधणाऱ्यांना बोलतेय असं मी समजलो. असो.

अनवट

बहाद्दर, तुम्हाला नव्हते बोलत. पण शाखा कार्यालयाचं वाचून उठून त्या पोर्टलची मदतपुस्तिका उघडली. पान ३१, बारीक टाइप: 'नजीकच्या शाखेशी संपर्क साधावा.' शाखांच्या यादीची लिंक दाबली तर पान सापडत नाही.

उद्या मृत्यूदाखल्याच्या चार प्रती घेऊन थेट मुख्य कार्यालयात जाते. आईही येते म्हणतेय, तिला त्या साहेबांना बघायचंय.