क्रिएटिनिन १.६ आलंय, आप्पांची फिल्टर कॉफी बंद करायची का? (सोलापूर)

सातरस्त्याची_सून
नमस्कार मंडळी. सासरे ६४ वर्षांचे. ३० वर्षं यंत्रमागावर काढली, आता घरीच असतात. बीपीची गोळी चालू आहे, साखर नाही. मागच्या आठवड्यात सहज रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, वाढला तर वाईट) १.६, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज, कमी झाला तर वाईट) ४८, पोटॅशियम ४.६. किडनीच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली आहे.

तोवर घरात कॉफीवरून रामायण. आमचं अर्धं घर कानडी, त्यामुळे आप्पांना पहाटे पाचपासून पितळी पेल्यातली फिल्टर कॉफी लागते. दिवसाला पाच पेले, कधी सहा. नणंदबाईंनी पुण्याहून फोनवर फर्मान काढलं की कॉफीनंच किडनी बिघडली, आजपासून बंद. आप्पा दोन दिवस डोकं धरून पडलेत, कोणाशी बोलत नाहीत. खरंच कॉफी कारण असेल का? आणि डॉक्टरांना काय विचारू?

मेडिकलवाला_नवीपेठ
ताई, आधी डोकेदुखीचं सांगतो. ती किडनीची नाही, कॉफी एकदम तोडल्याची आहे. कमी करायचीच असेल तर दर दोन-तीन दिवसांनी अर्धा पेला कमी करा.

आता मुख्य प्रश्न. अमेरिकेत १४ हजारांवर लोकांवर सुमारे २४ वर्षं लक्ष ठेवलं होतं. जास्त कॉफी पिणाऱ्यांत किडनीचा जुनाट आजार उलट कमी दिसला, रोजच्या प्रत्येक जादा कपामागे साधारण ३ टक्के. पण म्हणून आप्पांना दहा पेले पाजू नका! ती माणसं सुरुवातीला किडनीनं ठणठणीत होती, आणि कॉफीमुळेच फायदा झाला असं त्यावरून म्हणता येत नाही.

दुसरी बाजूही आहे. इटलीत बीपी थोडं वाढलेल्या ११८० तरुणांचा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला. काहींच्या शरीरातून कॅफिन जन्मतःच सावकाश बाहेर पडतं. त्यांच्यापैकी दिवसाला तीनपेक्षा जास्त कप पिणाऱ्यांच्या लघवीतून प्रथिन जाण्याचा (म्हणजे किडनीला इजा झाल्याच्या खुणेचा) धोका २.७ पट दिसला. भरभर पचवणाऱ्यांत तसं काही नव्हतं. आप्पा कुठल्या गटातले हे घरबसल्या कळणार नाही. बीपी आहे, ईजीएफआर ४८ आहे, तर दोन-तीन छोट्या पेल्यांवर आणणं शहाणपणाचं. बंद करायची गरज मला तरी दिसत नाही.

मला शंका वेगळीच येतेय. ३० वर्षं मागावर उभं राहिलेल्या माणसाचे गुडघे दुखत नाहीत असं होत नाही. दुखण्यावर काय घेतात? आमच्या काउंटरवर रोज बघतो, डायक्लोफिनॅकची पट्टी लोक चॉकलेटसारखी नेतात. त्या गोळ्यांनी किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो. जोडीला बीपीची किंवा लघवी होण्याची गोळी असली आणि बाहेर ४३ डिग्री ऊन असलं, तर विचारूच नका.

अक्कलकोट_रोड
गोखरूचा काढा द्या आणि सोबत एक भस्म मिळतं, २१ दिवसांत फरक. पत्ता हवा असेल तर सांगा.

मेडिकलवाला_नवीपेठ
दादा, कृपा करा. काही भस्मांत शिसं-पारा निघतो आणि तो किडनीलाच भोवतो. रिपोर्ट बिघडलेल्या माणसाला डॉक्टरांना न विचारता काढाही नको.

कंबर_तलाव
विषयाला सोडून विचारतो, मला मुतखडा झालाय. मीही कॉफीवाला. सोडू का?

जुळे_सोलापूर_७२
मला दोनदा होऊन गेलाय, म्हणून सांगतो. ऑक्झलेटच्या (ज्यापासून बहुतेक खडे बनतात त्याच्या) बाबतीत कोऱ्या चहाचा नंबर कॉफीच्या वर लागतो. कॉफी पिणाऱ्यांत खडे कमी आढळतात असंच मोठ्या पाहण्यांत दिसलंय. खरा घोळ पाण्याचा. लघवी दिवसाला अडीच लिटर झाली पाहिजे, डॉक्टरांनी मला तर बाटलीत मोजायला लावली होती. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, त्यात मे महिना. माणूस नकळत कमी पितो. पण तुम्ही भरपूर प्या म्हणून आप्पांनीही तेवढंच प्यायचं असं नाही, त्यांचं माप डॉक्टर ठरवतील.

डायलिसिसवाल्याची_मुलगी
त्यात माझी भर. माझे वडील आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. आमच्याकडे कॉफी चालते, पण ती दिवसाच्या ठरलेल्या पाण्याच्या मापात मोजली जाते. आमटी, ताक, बर्फसुद्धा. ताई, तुम्ही त्या टप्प्यावर नाही, घाबरू नका.

आणि आपली कॉफी म्हणजे दूध, त्यावर कॉफीचा रंग. कोऱ्या कॉफीच्या मोठ्या कपात पोटॅशियम ११५ मिलिग्रॅमच्या आसपास, तेवढ्याच दुधात तिप्पट, शिवाय फॉस्फरस. किडनी थकली की हे दोन्ही अंगात साठतात. तुमचं ४.६ ठीक आहे, त्यामुळे आजच दूध तोडू नका, पण विचारून ठेवा. ती थ्री-इन-वनची (कॉफी, साखर, दुधासारखी पावडर एकत्र) पुडी मात्र आणू नका, तिच्या पावडरीत बहुतेकदा वरून फॉस्फेट घातलेलं असतं.

विचारायचंच तर एवढं विचारा: लघवीची एसीआर तपासणी (प्रथिन किती जातं ते कळतं) करायची का (३० च्या आत बरी), सोनोग्राफी हवी का, आधीचा क्रिएटिनिन सापडला तर सोबत न्या. ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिने राहिलं तरच जुनाट आजार म्हणतात, एका रिपोर्टवर नाही. बीपी घरी मोजत असाल तर कॉफीनंतर अर्धा तास थांबा. आणि मिठाचं विचारा. आपली शेंगा चटणी, पापड, लोणचं... नणंदबाईंनी त्याचं फर्मान काढलं नाही ना?

सातरस्त्याची_सून
नाही काढलं! शेंगा चटणीचा डबा पुण्याला त्यांनाच जातो दर महिन्याला.

मेडिकलवाले दादा, तुमचं वाचून आप्पांच्या उशाचा डबा उघडला. डायक्लोफिनॅकच्या दोन पट्ट्या, एक अर्धी रिकामी. विचारलं तर म्हणाले, रोज नाही गं, गुडघा बोलला की एक. गुडघा किती दिवसांनी बोलतो विचारलं तर गप्प. फॅमिली डॉक्टरांना फोन केला, त्यांनी ती लगेच बंद करायला सांगितली. डब्यासकट गुरुवारी घेऊन जाणार आहे. २०२२ चा एक रिपोर्टही सापडला, क्रिएटिनिन १.२.

कॉफी सकाळी एक, संध्याकाळी एक अशी पुन्हा सुरू केलीय, छोट्या पेल्यात. आप्पा बोलायला लागलेत. पहिलं वाक्य, "पेला लहान झालाय की मी मोठा?"