‘अभ्यासात लक्ष नाही’ हा शेरा बंद करावा का?

पाटीपेन्सिल
तिसरीतल्या भाचीचं प्रगतिपुस्तक पाहिलं. मराठी, गणित, परिसर, सगळ्यांपुढे एकच शेरा: ‘अभ्यासात लक्ष नाही.’ माझ्या मते हा शेरा लिहिणं बंद व्हायला हवं. लक्ष लागणं न लागणं मुलाच्या एकट्याच्या हातात नसतं. न्यूयॉर्कमध्ये एक शाळा उन्नत रेल्वेमार्गाला खेटून होती. तिथल्या मुलांचं वाचन मानसशास्त्रज्ञ अर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी तपासलं (१९७५). रुळांकडच्या वर्गांतली मुलं शांत बाजूच्या मुलांच्या मागे होती, सहावीपर्यंत जवळजवळ वर्षभराने. पुढे रुळांखाली रबर बसवलं, वर्गांना आवाज शोषणारी छतं केली आणि तो फरक गेला. त्या मुलांच्या पुस्तकांवर आधी काय शेरे पडले असतील?

सातारकर_गुरुजी
माझ्या शाळेमागे ऊस आहे, रेल्वे नाही. शांतता भरपूर. तरी चौथीतली मुलं दोन अंकी गुणाकारात हातचा विसरतात. लक्ष टिकवायची सवय लावावी लागते. रोज मोठ्याने पाढे, श्रुतलेखन, पाठांतर. हे सगळं घोकंपट्टी म्हणून आपण मोडीत काढलं आणि मुलांच्या हाती मोबाइल दिला. दोष छताला देऊन काय होणार?

पाटीपेन्सिल
गुरुजी, पाढे हवेतच, पण कारण वेगळं आहे. माणसाच्या मनात एका वेळी तीन-चार गोष्टीच धरून ठेवता येतात. सात आठे किती हे शोधण्यातच ती जागा संपली की हातचा निसटतो. छप्पन्न तोंडपाठ असेल तर जागा मोकळी राहते. यात एकाग्रता वाढली असं नाही, गणिताचं ओझं कमी झालं. म्हणून तर ‘एकाग्रता वाढवा’ म्हणत हजारो रुपये घेणाऱ्या क्लासचा मला राग येतो. स्मरणाचे खेळ खेळून मूल त्या खेळांत तरबेज होतं. वाचन-गणितात तो फायदा उतरत नाही, हे २०१३ साली मेल्बी-लेरवोग आणि हल्म या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवलं.

लेकाची_आई
मला दोघांचंही पटत नाही. माझ्या मुलाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं त्याला मुळातच जड जातं. निदान व्हायच्या आधी शाळा म्हणायची घरचं वळण नाही, सासरचे म्हणायचे आई लाडावते. त्याला पाढेही पाठ होते आणि वर्गही शांत होता. शेरा बंद केलात तर अशी मुलं कळणार कशी? गप्प बसून खिडकीबाहेर बघणाऱ्या मुली तर आधीच सुटतात, कारण त्या कुणाला त्रास देत नाहीत. शेरा हवाच, पण कधी, कुठल्या तासाला, काय करताना, हे त्यात हवं. डॉक्टरही तेच विचारतात: घरी आणि शाळेत दोन्हीकडे होतं का, सहा महिने तरी चाललंय का, बारा वर्षांच्या आतलं आहे का.

नऊची_शाळा
झोपेचं कुणीच बोललं नाही. २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा निर्णय झाला, तेव्हा पहिली ओरड व्हॅनवाल्यांची आणि नोकरदार पालकांची होती. अर्धवट झोपेतल्या मुलाकडून कसलं लक्ष मागता?

सातारकर_गुरुजी
लेकाची_आई ताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण कायद्यात पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक आहे, आणि माझ्यासमोर तिसरी-चौथी एकत्र बसते. वर ऑनलाइन माहिती भरायची. प्रत्येकाचा तास न् तास कधी लिहू?

लेकाची_आई
सगळ्यांचं नको, ज्यांची काळजी वाटते त्यांचंच, दोन आठवडे. आमच्या बाईंनी एवढंच लिहिलं होतं: ‘चित्रकलेत तासभर बसतो. फळ्यावरून उतरवताना ओळी गळतात. तोंडी विचारलं की उत्तर येतं.’ डॉक्टरांनी त्यावरून आधी डोळे आणि कान तपासून घेतले, मग पुढचं.

सातारकर_गुरुजी
एवढं जमेल, सोमवारपासून करतो. मोबाइलबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही. पालकांनी रात्री तो काढून घेतल्याशिवाय माझ्या नोंदींचा उपयोग अर्धाच.