सोलमध्ये तीनच दिवस असतील तर राजवाडे कमी करा, डोंगर वाढवा

कातळवाट

सोलला पहिल्यांदा जाणाऱ्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. एका दिवसात तीन राजवाडे, भाड्याच्या हानबोकमध्ये (पारंपरिक कोरियन पोशाखात) फोटो, म्याँगदाँगला खरेदी. ज्यांना पब-क्लबात रस नाही त्यांना मग तिसऱ्या दिवशी सकाळी वाटतं की शहर पाहून झालं. माझं म्हणणं सरळ आहे: राजवाड्यांना अर्धा दिवस द्या आणि एक अख्खा दिवस बुखानसान डोंगराला. मेट्रोच्या तिकिटात राष्ट्रीय उद्यानाच्या दारात नेणारी मोठी शहरं जगात फार नाहीत.

बुखानसानला १९८३ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सर्वांत उंच शिखर बेगुन्दे, ८३६.५ मीटर. उई-सिनसोल लाइनचं शेवटचं स्टेशन बुखानसान-उई, तिथे उतरायचं. स्टेशनपासून चढाईच्या चौकीपर्यंत साधारण २ किमी डांबरी चढ आहे. पाय वाचवायचे असतील तर एवढ्यासाठी टॅक्सी करा. चौकीपासून माथा जेमतेम २ किमी, पण तेवढ्यात साधारण ५०० मीटर उंची गाठायची असते. स्टेशन ते स्टेशन पाच तास धरा.

सह्याद्रीत चालणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगतो. आपला बेसाल्ट, तिथला ग्रॅनाइट. आपल्याकडे भीती घसाऱ्याची असते. तिथे घसारा फारसा नाही, मोठमोठे गुळगुळीत कातळ आहेत. कोरड्या कातळावर चांगल्या तळाचा बूट घट्ट बसतो, पण ओल्यावर तोच बूट साबणावर ठेवल्यासारखा सरकतो. रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी माथ्याचा हट्ट सोडा.

शेवटचे सुमारे ३०० मीटर पोलादी दोर धरून चढायचे आहेत. उघड्या हाताने दोर धरला तर तळवे सोलवटतात, थंडीत तर धरवतच नाही. तळव्याला रबर असलेले हातमोजे स्टेशनजवळच्या दुकानांत स्वस्तात मिळतात. स्टेशनजवळच परदेशी पाहुण्यांसाठी महापालिकेचं सोल हायकिंग टुरिझम सेंटर आहे, तिथे बूट, जाकीट, काठ्या नाममात्र भाड्याने मिळतात. म्हणजे बूट नाहीत ही सबब चालत नाही.

चौसोपी

कातळवाट, डोंगराबद्दल वाद नाही. 'राजवाडे अर्ध्या दिवसात उरका' याला मात्र ठाम विरोध. लोकांना राजवाडे कंटाळवाणे वाटतात, कारण ते तीन राजवाड्यांत फक्त छपरं बघतात. त्यावर उपाय म्हणून राजवाडाच कमी केला तर बघायला काय उरलं? एकच निवडा, पण सावकाश बघा.

ग्याँगबोकगुंग राजवाडा १३९५ सालचा. १५९२ च्या जपानी स्वारीत जळाला, १८६७ पर्यंत उजाड होता. पुन्हा उभा राहिला आणि जपानी राजवटीत त्यातला बहुतेक भाग पाडला गेला. वसाहती सरकारची प्रचंड कचेरी त्याच्या छाताडावर बांधली होती, ती नव्वदच्या दशकात पाडली. आज दिसणाऱ्या मोकळ्या जागांमागे हे आहे. हे माहीत नसलं की माणूस म्हणतो, 'मोठं आवार आहे, पण रिकामं वाटतं.'

सिंहासनाच्या दालनासमोरची फरशी बघा. ग्रॅनाइटचे ओबडधोबड तुकडे आहेत, घासून गुळगुळीत केलेले नाहीत. ऊन परावर्तित होऊन डोळ्यांत जाऊ नये आणि पाय घसरू नये म्हणून. दोन्ही बाजूंना दगडी खुंट आहेत, त्यांवर दरबाऱ्यांचे दर्जे कोरलेत; कोणी कुठे उभं राहायचं ते त्यावरून ठरे. जमिनीत लोखंडी कड्या दिसतात, त्या मांडवाच्या दोऱ्यांसाठी. मागे राणीच्या महालाच्या अंगणात टप्प्याटप्प्याचा बगीचा आणि त्यात विटांची षटकोनी धुराडी आहेत. चूल एकीकडे, धूर जमिनीखालून फिरून खोली ऊबदार करतो आणि लांबच्या धुराड्यातून बाहेर पडतो. याला ओंदोल म्हणतात. आजच्या कोरियन फ्लॅटमध्येही उष्णता फरशीतूनच येते. एवढं बघायला दोन तास सहज लागतात.

हानबोक घातला की प्रवेश फुकट, एरवी ३००० वॉन. वरचं आणि खालचं दोन्ही वस्त्र हवं, नुसता वरचा झगा जीन्सवर चालत नाही. फुगीर घेराचा परकर टाळा, पायऱ्यांवर पाय दिसत नाहीत आणि उंबरे उंच आहेत.

नदीकाठ

@चौसोपी, एकच राजवाडा म्हणत असाल तर मग चांगदोकगुंग. मागच्या हुवोन बागेला तोड नाही. वेगळं ५००० वॉनचं तिकीट आणि ठरलेल्या वेळेची फेरी असते. ऑनलाइन नोंदणी सहा दिवस आधी सुरू होते. शरद ऋतूत पानं लाल व्हायला लागली की तिकिटं हातोहात जातात. आणि सुट्टीचे वार गोंधळ करतात: ग्याँगबोकगुंग मंगळवारी बंद, चांगदोकगुंग सोमवारी बंद. बरेच जण चुकीच्या दिवशी चुकीच्या दारात उभे असतात.

गडवाट

तुमच्या दोघांच्या भांडणात आई-बाबा आणि दहा वर्षांची मुलं राहिली. दोराला धरून ग्रॅनाइट चढणं हा सरसकट सल्ला होऊ शकत नाही, कातळवाट. शनिवार-रविवारी त्या दोरांवर वर जाणारे आणि खाली येणारे एकाच अरुंद जागी अडतात. नवखा माणूस मध्येच घाबरून थांबला की मागची रांग ताटकळते, आणि त्या दडपणाखाली तो चुकीचं पाऊल टाकतो.

मी शहराची तटबंदी सुचवेन. हान्यांगदोसाँग, १३९६ सालची, पूर्ण फेरा १८.६ किमी. पूर्ण करायची गरज नाही. ह्येह्वामुन वेस ते हुंगिन्जिमुन, म्हणजे दोंगदेमुन, वेस हा नाकसान टेकडीवरचा तुकडा २.१ किमीचा आहे. रमतगमत दीड तास. ह्येह्वामुनकडून सुरू केलंत तर चढ आधी संपतो आणि शेवट उताराचा.

किल्ल्यांची आवड असलेल्या माणसाने इथे भिंतीला नाक लावून चालावं. चौदाव्या शतकातले दगड लहान, वेडेवाकडे, जवळपास जसे मिळाले तसे. सेजोंग राजाच्या काळातले, १४२२ चे, कडा गोलसर केलेले, मक्याच्या दाण्यांसारखे. १७०४ नंतरचे चौकोनी, साधारण हातभर रुंद. १८०० च्या आसपासचे त्याहून मोठे, सुमारे ६० सेंमी. एकाच भिंतीत चारही थर शेजारीशेजारी दिसतात. काही दगडांवर अक्षरं कोरलेली आहेत: कोणत्या प्रांताच्या माणसांनी हा भाग बांधला, मुकादम कोण. भिंत ढासळली तर जबाबदार कोण ते दगडच सांगणार. दोंगदेमुनच्या बाजूला असे कोरीव दगड एका ठिकाणी भिंतीत बसवलेत, ते चुकवू नका.

कातळवाट

@गडवाट, वयस्कर माणसांबद्दल मान्य. पण धडधाकट तिशीतल्या माणसालाही लोक नाकसानवर पाठवतात आणि 'डोंगर झाला' म्हणतात, माझं दुखणं ते आहे. मधला पर्याय इनवांगसान, ३३८ मीटर. ग्याँगबोकगुंग स्टेशनवरून साजिक बागेकडे जा, तिथून तटबंदीला लागा. दोन-अडीच तासांत होतो. उतरताना सनबावी खडक आणि मांत्रिकांचं, म्हणजे मूदांगांचं, गुक्सादांग देऊळ बघा. तिथे आजही विधी चालतात, त्यामुळे माणसं बसलेली असतील तर कॅमेरा आत ठेवा. आणि चौसोपींनाही हे सोयीचं आहे: सकाळी राजवाडा, दुपारी हाच डोंगर, दोन्ही एकाच स्टेशनवर.

पानसुपारी

डोंगर आणि भिंती ठीक, पण दुपारी खायचं काय? शाकाहारी मंडळींची फसगत इथेच होते आणि दोन दिवस बिस्किटांवर निघतात.

ग्वांगजांग बाजारात बिंदेतोक मिळतं. भिजवलेले मूग जात्यावर वाटून, मोड आणि किमची घालून भरपूर तेलात तळलेलं जाडजूड धिरडं. दिसायला अगदी आपलं, पण पिठात बहुधा डुकराचं मांस असतं आणि किमचीत मुरवलेली कोळंबी किंवा माशाचं पाणी. 'गोगी प्पे जुसेयो', म्हणजे मांस काढून द्या, एवढं म्हणून भागत नाही, कारण पीठ आधीच कालवलेलं असतं. सूपबाबत वेगळा प्रश्न विचारा: 'म्योलची युक्सू?' म्हणजे हे सुक्या माशांचं पाणी आहे का. दुकानदार मांस नाही म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, त्याच्या लेखी माशाचं पाणी हे मांस नव्हे.

यावर खरा उपाय बौद्ध मठांचं जेवण. त्यात मांस-मासे नाहीतच, शिवाय कांदा, लसूण आणि त्या कुळातल्या उग्र भाज्याही वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या माणसाला हे ताट समजावून सांगावं लागत नाही. बुखानसानच्या पश्चिम कुशीतला जिंग्वान्सा मठ या स्वयंपाकासाठी प्रसिद्ध आहे. टेम्पलस्टेची, म्हणजे मठातल्या मुक्कामाची, नोंदणी आधी करा, ऐन वेळी दार ठोठावून ताट मिळत नाही.

नदीकाठ

खाण्यात हान नदी राहिली. यओइनारू स्टेशनला उतरलं की नदीकाठची बाग समोरच. तिथल्या दुकानात रामेनचं पाकीट आणि फॉइलचं भांडं घ्या. भांड्यात आधी नूडल्स, वर मसाला, मग भांडं यंत्रावर ठेवून बटण दाबा. पाणी यंत्र मोजून सोडतं, चारेक मिनिटांत तयार. भांडं पातळ असतं, उचलताना काठ दुमडतो आणि उकळतं पाणी हातावर येतं, म्हणून खाली पुठ्ठा घेऊनच उचला. उरलेला रस्सा कचऱ्याच्या पिशवीत नाही, त्यासाठी वेगळा डबा असतो. शाकाहारींनी 'चेह्वांग' नावाचं पाकीट शहरातल्या सुपरमार्केटमधून आधीच घेऊन ठेवा.

महापालिकेची सायकल, त्तारुंगी, एका तासाला १००० वॉन. तास संपायच्या आत कोणत्याही ठाण्यावर लावा, नाहीतर दर पाच मिनिटांना २०० वॉन वाढतात. काठावर सायकलींची आणि पायी चालणाऱ्यांची पट्टी वेगळी असते. फोटोसाठी सायकलींच्या पट्टीत थांबू नका, रेसवाले फार वेगात येतात.

ऊबदार

संध्याकाळी काय करायचं, याचं उत्तर कोणीच दिलं नाही म्हणून लिहिते. डोंगरावरून आलेल्या पायांना जिमजिलबांगच, म्हणजे कोरियन सार्वजनिक गरम स्नानगृहच, हवं. आपल्याकडचे लोक 'तिथे कपडे काढावे लागतात' एवढं ऐकून टाळतात, आणि ते चुकीचं आहे. न्हाणीघर बायका-पुरुषांचं वेगळं, तिथे कपडे नसतात, पोहण्याचा पोशाखही चालत नाही. पण त्यापुढचा मोठा भाग सगळ्यांचा एकत्र, आणि तिथे दिलेला टी-शर्ट आणि अर्धी विजार घालूनच बसायचं. न्हाणीघर नकोच असेल तर कपडे बदलून थेट तिकडे जा, कोणी अडवत नाही.

क्रम असा: दारात बूट छोट्या कपाटात, त्याची किल्ली काउंटरवर, तिथे मनगटाची पट्टी आणि कपडे मिळतात. न्हाणीघरात आधी खाली बसून साबणाने अंघोळ, मगच हौदात. न धुता हौदात उतरणं हा तिथला सर्वांत मोठा गुन्हा. केस बांधा. अंग घासून घ्यायचं असेल, त्याला सेसिन म्हणतात, तर आधी वीसेक मिनिटं गरम पाण्यात बसा. त्वचा मऊ झाली नसेल तर नुसतं ओरखडल्यासारखं होतं. आणि ४ वर्षांवरील मुलग्याला आईबरोबर बायकांच्या भागात नेता येत नाही. बाबा सोबत नसतील तर कार्यक्रम बदला.

चौसोपी

@ऊबदार, पूर्ण सहमत. भट्टीच्या खोलीत गरम फरशीवर आडवं झालं की वर लिहिलेलं ओंदोल पाठीला कळतं.

@कातळवाट, इनवांगसानची तडजोड मान्य, पण सकाळी राजवाडा दहाच्या पहारा-बदलासाठी धरा. आणि जवळच्या बुकचोन वस्तीतली जुनी घरं बघणार असाल तर वेळ पाळा. तिथल्या निवासी गल्ल्यांत पर्यटकांना फक्त सकाळी १० ते संध्याकाळी ५ परवानगी आहे, त्यानंतर १ लाख वॉनपर्यंत दंड होतो. लोक तिथे राहतात, पोरं अभ्यास करतात. तो नियम योग्यच आहे.

गडवाट

दोन व्यवहाराच्या गोष्टी. चालण्याच्या रस्त्यांसाठी गूगल मॅप्सवर विसंबू नका. नकाशाची बारीक माहिती देशाबाहेर द्यायला तिथल्या सरकारने वर्षानुवर्षे नकार दिला, त्यामुळे नेव्हर मॅप किंवा काकाओमॅप हे ॲप फोनवर आधीच घालून ठेवा. दुसरं, क्लायमेट कार्ड या मेट्रो-बसच्या कार्डाचा तीन दिवसांचा पास १०,००० वॉनला आहे, कार्डाचे ३००० वेगळे. मेट्रोचं किमान भाडं १५५० वॉन धरलं तर नवव्या फेरीपासून पास स्वस्त पडतो. या धाग्यातलं सगळं करणार असाल तर नऊ फेऱ्या दुसऱ्याच दिवशी होतील. सोलच्या हद्दीबाहेर मात्र तो सरसकट चालत नाही.

कातळवाट

ऋतूचं राहिलं. जूनअखेर ते जुलैअखेर तिथला पावसाळा, मुसळधार पावसाच्या इशाऱ्यात उद्यानाच्या वाटा बंद करतात. तेव्हा चौसोपींचे राजवाडे आणि ऊबदार यांची भट्टी. डिसेंबर ते मार्च उत्तरेकडच्या कातळावर बर्फाचा पातळ पापुद्रा राहतो, तो दिसत नाही. बुटाला लावायचे दाते, तिथे त्यांना 'आयजेन' म्हणतात, त्याशिवाय बेगुन्देला जाऊ नका. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा मिळाला तर बाकी सगळं बाजूला ठेवा, मंगळवार-बुधवार गाठा आणि सकाळी आठच्या आत चौकी ओलांडा.