इन्स्टॉल केलेल्या वेब ॲपला बॅकग्राउंडला चालू द्यायला काय हरकत आहे?

यंत्रमागवाला: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांसाठी ऑर्डरचं वेब ॲप करतोय. होम स्क्रीनवर बसतं, नेट नसलं तरी उघडतं, प्ले स्टोअरची भानगड नाही. पण टेम्पो कुठवर पोचला हे दाखवायचं म्हटलं की घोडं अडतं. ड्रायव्हरनं स्क्रीन बंद केली की लोकेशन बंद. सर्व्हिस वर्करला, म्हणजे पान बंद असताना मागं चालणाऱ्या वेब ॲपच्या कोडला, लोकेशन मागताच येत नाही, आणि हाताला काम नसलं की क्रोम त्याला साधारण अर्ध्या मिनिटात झोपवतो. नेटिव्ह ॲप, म्हणजे थेट फोनसाठी बनवलेलं, मात्र नोटिफिकेशन लावून तासन्‌तास चालतं. हा दुजाभाव कशाला?

सातरस्ता_कट्टा: दुजाभाव कसला, बरंच आहे ते. वेबसाइट होम स्क्रीनवर टाकायला दोन टॅप लागतात, तपासत कुणी नाही. उद्या कुठली तरी फालतू साइट गड्ड्याच्या जत्रेत तुम्ही कुठं कुठं फिरलात ते टिपत बसेल.

यंत्रमागवाला: आणि स्टोअरमधल्या कर्जाच्या ॲपांनी लोकांचे कॉन्टॅक्ट उपसले, तेव्हा तपासणी कुठं होती? गूगलला २०२३ मध्ये नियम कडक करावे लागलेच ना!

सातरस्ता_कट्टा: करता आले, कारण दारावर कुणीतरी होतं. वेबच्या दारावर कोण आहे?

होटगीरोडकर: नेटिव्हही मोकाट नाही हो. अँड्रॉइड ६ पासून डोझ आहे, म्हणजे फोन नुसता पडून असला की ॲपांची मागची कामं रोखून धरतो, ८ पासून बॅकग्राउंड सर्व्हिसवर बंधनं. वर्कमॅनेजर या अँड्रॉइडच्या मागची कामं लावणाऱ्या सोयीत आवर्ती काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतरानं लावता येत नाही. वर काही फोन बॅटरी वाचवायच्या नावाखाली ॲपच मारून टाकतात. उलट तुमचं निम्मं काम वेबवर होतं. पुश, म्हणजे सर्व्हरकडून येणारं नोटिफिकेशन, आहे, आयफोनवरही आयओएस १६.४ पासून, फक्त ॲप होम स्क्रीनवर हवं. ऑफलाइन घेतलेली ऑर्डर क्रोम नेट आल्यावर पाठवतो. सफारीत ती सोय नाही. पिरिऑडिक सिंक, म्हणजे ठरावीक वेळानं मागं माहिती ताजी करणं, मात्र फार तर १२ तासांतून एकदा, तेही ब्राउझरची मर्जी असेल तर. टेम्पोला त्याचा काय उपयोग? गिऱ्हाइकाला वेब ठेवा, ड्रायव्हरपुरतं तेच पान कपॅसिटरमध्ये (वेब पानाचं नेटिव्ह ॲप करणारं साधन) गुंडाळून लोकेशनचं नेटिव्ह प्लगइन लावा.

यंत्रमागवाला: म्हणजे परत स्टोअर, परत परवानग्यांचे फॉर्म. त्यासाठीच तर वेब धरलं होतं!

टेम्पोवाला_१३: ड्रायव्हरला विचारलं का कुणी? फोन त्याचा, बॅटरी त्याची, डेटा त्याचा. पुण्याला जाताना टेंभुर्णीला चहाला थांबलं की मालकाचा फोन: "गाडी का उभी?" ब्राउझर लोकेशन बंद करतो ते आमच्या पथ्यावरच.

यंत्रमागवाला: ट्रिप चालू-बंद करायचं बटण तुमच्याच हातात देतो, भाऊ. पण ड्रायव्हर स्वतः बटण दाबून हो म्हणतोय, तर नाही म्हणणारा ब्राउझर कोण?

टेम्पोवाला_१३: मालक शेजारी उभा असताना दाबलेलं बटण ना ते?