बर्ड डॉगचा वैमानिक: शौर्य की माणसाची उधळपट्टी?

धूमकेतू
व्हिएतनाम युद्धातल्या फॉरवर्ड एअर कंट्रोलर वैमानिकांबद्दल (पुढे नुसतं 'फॅक' म्हणतो) सध्या वाचतोय. जेट इतकं वेगात येतं की झाडीतला शत्रू दिसत नाही, म्हणून आधी फॅक सेसना कंपनीच्या चिमुकल्या बर्ड डॉग विमानातून जायचा. इंजिन २१३ अश्वशक्तीचं, चिलखत नाही, तोफ नाही. पंखांखाली चार रॉकेटं, तीही पांढऱ्या फॉस्फरसची, खुणेचा धूर काढण्यापुरती. धूर उठला की रेडिओवर सांगायचं, 'धुराच्या उत्तरेला पन्नास मीटर', आणि काम होईपर्यंत वरच घिरट्या घालायच्या. ती घरघर ऐकू आली की मागून काय येणार हे खालच्यांनाही ठाऊक.

२४ फेब्रुवारी १९६७ला दा लाटजवळ हिलियर्ड विल्बँक्स या अमेरिकी फॅकची रॉकेटं संपली, जेटं अजून वाटेत, आणि खाली दक्षिण व्हिएतनामी रेंजर्स सापळ्यात. पठ्ठ्या एम-१६ रायफल खिडकीबाहेर काढून झाडत राहिला. विमान पडलं, तो गेला. मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. मला यात शौर्याच्या आधी उधळपट्टी दिसते. आता ड्रोन आहेत, सुटलो एकदाचे. पटतंय का?

पाटीपेन्सिल
अजिबात नाही. संथपणा हीच त्या विमानाची ताकद होती. फॅक रोज त्याच मुलखावरून उडायचा, त्यामुळे काल नसलेली पायवाट आज उमटली तर त्याच्या लगेच डोळ्यांत भरायची.

उंचावरून काय होतं ते कोसोवोत दिसलं. वैमानिक वाचावेत म्हणून नाटोने विमानं पंधरा हजार फुटांच्या वर ठेवली. १४ एप्रिल १९९९ला जाकोवाजवळ वरून लष्करी ताफा वाटला, तो निघाला निर्वासितांचा. ट्रॅक्टर होते हो. सत्तरच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर फॅकना गरज पडली तर आणखी खालून उडायची मुभा मिळाली. वैमानिकाचा धोका तुम्ही काढलात, पण तो कोणाच्या तरी डोक्यावर पडलाच ना?

तिरकस
पाटीपेन्सिल, खाली उडणारे काय संत होते? व्हिएतनाममध्ये 'फ्री फायर झोन' ठरवले होते; त्यात दिसेल तो शत्रूच, असं आधीच धरलेलं. मग शेतकरी कितीही जवळून दिसला तरी काय फरक पडतो? आणि धूमकेतू, 'धूर काढण्यापुरती' काय? पांढरा फॉस्फरस अंगावर पडला तर हाडापर्यंत जाळतो. (हे कोणी लिहीतच नाही.)

वाळूघड्याळ
आपलं लोंगेवाला विसरलात की काय? डिसेंबर १९७१. हवाई दलाच्या हंटर विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता, त्यामुळे ५ तारखेच्या पहाटेपर्यंत राजस्थानातल्या त्या चौकीला एकटीलाच तग धरावा लागला. उजाडल्यावर मेजर आत्मा सिंग हलक्या कृषक विमानातून वर घिरट्या घालत हंटरना पाकिस्तानी रणगाडे दाखवत होते. उघड्या वाळवंटात लपायला जागा नाही, ना रणगाड्याला ना कृषकला. त्याला उधळपट्टी म्हणाल?

धूमकेतू
लोंगेवाला मान्य. पण तिथे आकाशात शत्रूची विमानं नव्हती, गावंही नव्हती. तो अपवाद धरून नियम नका बनवू. आता कॅमेरे इतके तल्लख आहेत की...

पाटीपेन्सिल
तल्लख? जून २०१४, अफगाणिस्तानात झाबुल. खालच्या सैनिकांच्या शिरस्त्राणांवर इन्फ्रारेड दिवे लुकलुकत होते. वरच्या बी-१ बॉम्बरच्या कॅमेऱ्याला ते दिसतच नाहीत, हे ऐन वेळी कोणाच्या ध्यानातच आलं नाही. दिवे नाहीत म्हणजे शत्रू, असं धरून बॉम्ब टाकला. पाच अमेरिकन आणि एक अफगाण सैनिक, सगळे आपल्याच बॉम्बने गेले.

धूमकेतू
हे माहीत नव्हतं. तरी सरळ बोला ना: खालची माणसं वाचावीत म्हणून वर एकाने जीव टांगणीला लावायचा, असंच ना?

पाटीपेन्सिल
हो, असंच. बॉम्ब टाकायचाच असेल तर कोणीतरी जवळ जाऊन बघायलाच हवं.

तिरकस
'टाकायचाच असेल तर'. त्या 'तर'वर वेगळा धागा काढा, येतो मी.