शब्दचर्चा : ‘निवणे’ आणि ‘निवळणे’

‘जीव निवला’ आणि ‘मन निवळलं’ हे दोन्ही आपण सर्रास म्हणतो. अर्थ एकच का? मला तसं वाटत नाही.

माझी आजी औसा तालुक्यातली. दुधाचा पेला हातात आला की मी फुंकर घालत बसायचो. ती म्हणायची, “कशाला फुकायलास? निवंल की आपोआप.” भाकरी निवते, कढी निवते. तोच शब्द मग माणसाला लागतो : नातू बघून डोळे निवले. संस्कृतातल्या ‘निर्वा’शी, म्हणजे विझण्या-थंडावण्याशी, याचं नातं आहे. ‘निर्वाण’ही त्याच कुळातलं. त्या शब्दापुढं आपण हात जोडून लांब उभे राहतो आणि त्याचाच भाऊबंद रोज चुलीपाशी दुधाला लावतो, याचं मला फार अप्रूप आहे.

‘निवळणे’ मात्र ‘निर्मळ’च्या घरातलं. त्यात उष्णता नाही, गाळ आहे. पूर्वी गढूळ पाण्यासाठी निवळीचं बी उगाळून वापरत, ते नावही यातूनच आलं.

2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा. आमच्या दारात टँकरचं पाणी यायचं, मातकट. ड्रममध्ये तुरटीचे दोन-चार वेढे द्यायचे आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही. पहाटे झाकण काढलं की तळाला बोटभर गाळ, वर नितळ पाणी. त्याच दिवसांत बांधावरून माझं आणि थोरल्या भावाचं बोलणं बंद होतं. एका पहाटे गाळ हलू नये म्हणून तांब्या अलगद बुडवत होतो, आणि लक्षात आलं की आपला रागही तसाच खाली बसलाय. गेलेला नव्हता, पण वरचं सगळं स्वच्छ दिसत होतं. दादाची बाजूसुद्धा.

मन निवळलं ते असं. जीव निवायला पुढची येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा शेतातला सण, यावी लागली. दादा शेतात आला, कोपीपाशी मांडी घालून बसला, आंबिलीचा घोट घेतला आणि म्हणाला, “औंदा लई आंबट झालीया.” बस, एवढंच.

प्रतिसाद, परभणीहून : भेद पटला. बातमीत ‘तणाव निवळला’ असंच येतं, ‘तणाव निवला’ कुणी लिहीत नाही. एक शंका : आमच्याकडं देवाला ‘निवद’ दाखवतात, त्याचा याच्याशी काही संबंध? आणि ताप निवतो का?

उत्तर : निवद म्हणजे नैवेद्य, तो वेगळा. ताप उतरतो, निवतं ते अंग. लहानपणी तापात आई रात्रभर उशाशी बसायची. पहाटे कधीतरी कपाळाला हात लावून म्हणायची, “निवलं आता अंग,” आणि मग तिथंच आडवी व्हायची.