फी परत मागायची कशी (घरचा ग्रुप)

आई: चिऊ सेमिस्टर अर्धवट सोडून आली हे सगळ्यांना माहितीये, त्यावर आता कोणी काही बोलू नका. पण १६ आठवड्यांची फी भरलेली, तिथे राहिली फक्त ५ आठवडे, आणि आज मेल आलंय की एक पैसा परत मिळणार नाही. असं कसं चालतं??

दादा: काकू सरळ कार्डाचा डिस्प्युट टाका, बँक ओढून आणते पैसे

मामा: थांब रे. डिस्प्युटला साधारण १२० दिवसांची मुदत असते ते ठीक, पण इथे क्लास चालू होते आणि ही उठून आली, अटी मान्य म्हणून टिकही हिनेच केलंय. कॉलेज तेच कागद बँकेपुढे ठेवणार, वर बाकी दाखवून मार्कलिस्ट अडवली तर दुखणं वाढलंच. ते अगदी शेवटी. चिऊ, नकाराचं कारण काय लिहिलंय?

मी: विथड्रॉची, म्हणजे कोर्स सोडल्याची लेखी सूचना ८व्या आठवड्यात आली आणि ७व्या नंतर परतावा नाही म्हणे. ५व्या पर्यंत ५०% होतं. पण मामा मी ५व्यातच कोऑर्डिनेटरला सांगितलेलं, तिच्या केबिनमध्ये बसून, रडत रडत. ती म्हणाली आधी घरी जा, फॉर्मचं नंतर बघू

मामा: तोंडी धरत नाहीत गं. आपल्याला वाटतं निघालो ती तारीख, त्यांच्या लेखी कागद पोचला ती तारीख. बहुतेकांचे पैसे ह्यातच जातात. त्या आठवड्यातलं लिहिलेलं काहीतरी शोध, चिटोरं पण चालेल

आत्या: पोरगी जेवते का नीट ते आधी सांगा

बाबा: जेवते ताई. झोपते पण आता.

मी: किल्ली परत केल्याची पावती आहे!! जॅकेटच्या खिशात चुरगळलेली होती, फोटो टाकलाय. खोली नंबर, तारीख, त्यांची सही. आणि आदल्या दिवशी हॉस्टेल ऑफिसला मेल केलेलं, प्रोग्राम सोडतेय म्हणून खोली रिकामी करतेय असं

मामा: अगं मग हीच लेखी सूचना की! ऑफिस वेगळं असलं तरी कॉलेज तेच ना. फेरविचाराचा अर्ज कर, मेल आणि पावती दोन्ही जोड, आणि तारीख ५व्या आठवड्याची धरा एवढंच माग. देतीलच असं नाही, पण आता बोलायला जागा आहे

मामा: आणि सगळी रक्कम एकदम मागू नकोस. ट्यूशन वेगळी, खोलीभाडं वेगळं, मेसचे उरलेले वेगळे, डिपॉझिट वेगळं. एकाला नाही म्हणाले तर बाकीच्यांना आपोआप नाही होत नाही

मी: माझ्या खोलीत पुढच्याच आठवड्यात दुसरी मुलगी आली, रूममेट म्हणाली

मामा: वा! मग एकाच खोलीचं दोघींकडून भाडं कसं घेतलं ते नक्की विचार. शांतपणे विचार

वहिनी: ट्रॅव्हल इन्शुरन्सचं विसरलात का सगळे? ट्रिप मधेच सोडावी लागली तर असं कलम असतं बऱ्याच पॉलिसीत. घरची आठवण आली म्हणून नाही देत, आजारपण लागतं, आणि डॉक्टरचा कागद निघायच्या आधीचा लागतो, आल्यावर आणलेला बहुतेक वेळा उपयोगाचा नाही

मी: तिथल्या डॉक्टरने लिहिलेलं आहे वहिनी, झोप नाही, वजन उतरलंय, घरी जावं. तो कॉलेजलाही जोडू?

वहिनी: जोड ना, आजारपणाच्या विथड्रॉला कधीकधी नियम वेगळे असतात. आणि मार्कलिस्टवर W (कोर्स सोडला) येतंय का F (नापास) ते पण विचारून घे, नुसतं क्लासला जाणं बंद केलं तर नापास धरतात काही ठिकाणी

दादा: म्हणजे डिस्प्युट नको ना

मामा: नको!!

आई: चिऊ, त्या कोऑर्डिनेटरबद्दल वाकडं काही लिहू नकोस हं

मी: नाही लिहिलं आई. विमानतळाची टॅक्सी तिनेच बोलावून दिलेली. मेल गेलं आत्ता, मामा तुला सीसीत ठेवलंय